जुनी एमएक्स-५ घ्यावी की जुनी बॉक्सस्टर?

इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षं नोकरी झाली, घरापुढे एक जादा गाडी लावायला जागा मिळाली, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात दोन सीटची, कापडी टपाची गाडी येऊ लागते. नवी परवडत नाही म्हणून वीस-पंचवीस वर्षांची बघायची, आणि शोध हमखास दोन गाड्यांपाशी येऊन थांबतो: माझदाची दुसऱ्या पिढीची एमएक्स-५ (१९९८ ते २००५) आणि पोर्शची पहिली बॉक्सस्टर (१९९६ ते २००४), जिला जाणकार ९८६ म्हणतात. मी गेली सात वर्षं एमएक्स-५ चालवतोय आणि मित्राच्या बॉक्सस्टरखाली कित्येक शनिवार उताणा पडलोय. त्यामुळे कुणी सल्ला विचारला की मी आधी एवढंच विचारतो: दुखणं पत्र्याचं चालेल की इंजिनाचं?

एमएक्स-५च्या इंजिनाची काळजी करू नका. चार सिलिंडरचं साधं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं समोर. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, वेळेवर बदललेला असावा, त्याची पावती मागा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून थोडं ऑइल पाझरतं, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतो आणि एके दिवशी पेडल तळाला जाऊन बसतं, मागच्या ब्रेकचे कॅलिपर हँडब्रेकपाशी अडकतात. ही सगळी एका शनिवारची, स्वस्त पार्टची कामं आहेत. पहिल्या पिढीची गाडी मिळत असेल तर मात्र १९९१ च्या आधीची घेताना क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या टोकाची चौकशी करा. त्या इंजिनांत पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी पाचरीची खाच झिजते आणि टायमिंग हलतं.

या गाडीचं आयुष्य संपतं ते गंजाने. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून खातं. पण खरा घात वरून होतो. टप दुमडून जिथे बसतो तिथलं पावसाचं पाणी सीटांमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली, मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. त्या नळ्यांत पानं आणि माती साचली की पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, शिरतं आणि पत्रा आतून सडायला लागतो. बाहेर वाटाण्याएवढा फोड दिसतो तेव्हा आत भोक पडलेलं असतं. दुसरी जागा म्हणजे पुढचे चेसिस रेल, गाडीच्या तळाच्या लांब तुळया. ते दुहेरी पत्र्याचे आहेत आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं. या बाबतीत दुसरी पिढी पहिलीपेक्षा वाईट आहे.

माझी गाडी घेताना मी इथेच फसलो. खालून ताजा काळा लेप मारलेला होता, मला वाटलं मालकाने किती काळजी घेतली आहे. घरी आणून सिलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. ठण्, ठण्, ठण्, आणि मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे एकदम भद्द. तिथे लोहचुंबक लावला, तो चिकटलाच नाही. आत पत्रा नव्हता, नुसती पुट्टी भरून वर रंग दिला होता. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं त्याच्या आसपास असा पत्रा सापडला की गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते आणि वेल्डिंगशिवाय गत्यंतर नसतं. दोन्ही सिल कापून नवे घातले, तेव्हापासून गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही.

बॉक्सस्टरचं याच्या अगदी उलट. तिचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे. ब्रेकचे पाइप आणि तुटणाऱ्या पुढच्या स्प्रिंगा सोडल्या तर खालून ती आजही बरी दिसते. धोका इंजिनात आहे आणि ते डोळ्यांना दिसतच नाही, कारण सहा सिलिंडरचं ते आडवं इंजिन सीटांच्या मागे गाडलेलं आहे.

या गाडीबद्दल ‘आयएमएस बेअरिंग’ (इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे मधल्या दांड्याचं बेअरिंग) हे शब्द तुमच्या कानावर येतीलच. क्रँकशाफ्टकडून साखळीने एक मधला शाफ्ट फिरतो आणि त्याच्याकडून पुढे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट. या मधल्या शाफ्टच्या क्लचकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सील जुनं झालं की आतलं ग्रीस धुऊन जातं, गोळ्या झिजतात, आणि बेअरिंग फुटलं तर शाफ्ट हलतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन गेलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो. सगळ्याच गाड्यांचं असं होत नाही, बहुतेकींचं होत नाही. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली, यावरून प्रश्न अफवेपुरता नव्हता एवढं कळतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण जुन्या गाड्यांच्या नेहमीच्या हिशोबाच्या ती विरुद्ध आहे. सुरुवातीच्या इंजिनांत हे बेअरिंग दुहेरी ओळीचं होतं, नंतरच्यांत एकेरी ओळीचं आलं, आणि एकेरीच जास्त कच्चं आहे. २०००-०१ च्या गाड्यांत दोन्हीपैकी कुठलंही निघू शकतं. म्हणजे १९९८ची २.५ लिटरची गाडी या बाबतीत २००३च्या गाडीपेक्षा निर्धोक. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणे मालक क्लच बदलतानाच ते आणि शेजारचं क्रँकचं मागचं सील उरकून घेतात. या दोन कामांची पावती असेल तर तशा गाडीला थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. पावती नसेल तर ऑइल फिल्टर उघडून घडीत धातूची चमक दिसते का ते गॅरेजकडून बघून घ्या.

इंजिन थंड असतानाच गाडी चालू करायला सांगा. आडव्या सिलिंडरांत ऑइल साचतं, त्यामुळे पहिला थोडा धूर निघाला तर घाबरू नका. पांढऱ्या धुराचा लोट थांबेचना तर इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा एअर-ऑइल सेपरेटर गेला असं समजा. मागची डिकी उघडून गालिचा ओला आहे का तेही पाहा, कारण कुलंटची प्लॅस्टिकची टाकी तिथेच असते आणि वयाने तडकते. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून आत टॉर्च मारा. तिथे पानं साचून, कुजून एसीचे कंडेन्सर गंजतात.

विजेच्या बिघाडांत मात्र दोन्ही गाड्यांचा शत्रू एकच, पाणी. एमएक्स-५ मध्ये फार काही बिघडायलाच नाही. स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या जुन्या एचटी केबल्समुळे ओल्या हवेत मिसफायर होतो, काचा रखडत वर जातात, अर्थिंगचे जोड गंजतात. बॉक्सस्टरमध्ये टपाखालच्या निचऱ्याच्या वाटा तुंबल्या की पाणी आत येऊन सीटखाली बसवलेल्या अलार्म-इमोबिलायझरच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. मित्राच्या गाडीत हेच झालं. किल्लीचं बटण दाबलं तर काही नाही, आणि दोन दिवसांनी गाडी सुरूच होईना. सीट काढून गालिचा उचलला तेव्हा खालचा स्पंज भिजलेल्या पावासारखा झाला होता. नवं युनिट घालायचं तर ते किल्लीशी जुळवून घ्यावं लागतं, ते रस्त्याकडेच्या गॅरेजला जमत नाही. शिवाय सहाही सिलिंडरांवरच्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलना चिरा पडतात आणि इग्निशन स्विच झिजतो. नंतरच्या गाड्यांत पुढचं बॉनेट विजेवर उघडतं आणि बॅटरी त्याच बॉनेटखाली असते, म्हणून बॅटरी उतरली तर फ्यूजबॉक्समधून करंट देऊन ते उघडावं लागतं. ही युक्ती घेतल्या दिवशीच शिकून ठेवा.

माझा कौल असा. ही तुमची पहिली जुनी गाडी असेल आणि हातात पाना धरायची आवड असेल, तर एमएक्स-५ घ्या. इंजिनापेक्षा सिल बघून घ्या, चार मैल जास्त धावलेली पण कोरड्या पत्र्याची निवडा. बॉक्सस्टर चालवायला कितीतरी वरची आहे, वळणावर तिचा तोल अनुभवला की माणूस गप्प होतो, पण बिघाडासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवता येत असतील आणि पावत्यांची फाइल जाड असेल तरच तिच्या वाटेला जा. पुढे कधी भारतात परतताना ती बरोबर नेऊ, हा बेत दोन्हींच्या बाबतीत सोडून द्या. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी तिकडे आयात करता येत नाही.

जाण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा इतिहास फुकट वाचा. ‘गंज’ हा शब्द किती वर्षांपासून येतोय आणि मैल दरवर्षी वाढतायत ना, दोन्ही तिथे कळतं. आणि गाडी बघायला जमलं तर दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा. विकणाऱ्याची परवानगी घेऊन सीटामागच्या गालिच्याखाली हात घाला आणि मग किमतीचं बोलणं काढा.