किडनीतली छोटी गाठ: कापून काढायची की गोठवायची?

बायॉप्सी झालीय, रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय, गाठ लहान आहे आणि डॉक्टर म्हणतायत "दोन्ही करता येईल, तुम्ही ठरवा", अशांसाठी हे लिहितोय. मी गाठ गोठवून घेतली, म्हणजे क्रायोॲब्लेशन, त्यामुळे माझा कल तिकडे आहे, तेवढं धरून वाचा.

आधी एक, ही निवड सगळ्यांना नसते. गाठ साधारण 3 सेमीच्या आत असेल तर खरा प्रश्न, 4 च्या पुढे गेली की बहुतेकदा सर्जनकडेच जायचं. गाठ किडनीच्या आतल्या बाजूला, मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल तरी गोठवणं अवघड, कारण शेजारून गरम रक्त वाहत असतं आणि तिथे बर्फ नीट धरत नाही. माझी पाठीकडच्या बाजूला, अगदी कडेला होती, सुईला वाट सरळ होती.

ऑपरेशनची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे गाठ बाहेर येते आणि पॅथॉलॉजीला जाते. ग्रेड काय (म्हणजे कॅन्सर किती आक्रमक), कडा मोकळ्या आहेत का (म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का), सगळं कागदावर. गोठवण्यात हे सुख नाही, मेलेली गाठ आतच राहते, शरीर ती हळूहळू जिरवतं आणि तुम्ही स्कॅन करत राहता. त्याच जागी परत उगवण्याची शक्यताही ऑपरेशनपेक्षा थोडी जास्त धरतात, तसं झालं तर बहुतेकदा परत गोठवता येतं पण तोवर जीव टांगणीला असतो. तुमचं वय कमी असेल, तब्येत ठणठणीत असेल तर तुमच्या जागी मी कदाचित ऑपरेशनच केलं असतं.

मग मी का नाही केलं? खोकला. मला जुना दमा आहे आणि पोटाचं एक ऑपरेशन आधी झालंय. ज्याचं झालंय त्याला सांगायला नको, पोटाला टाके असताना खोकल्याची उबळ येतेय असं कळलं की आधी हात उशीकडे जातो, ती पोटावर गच्च दाबून धरायची, श्वास अर्धवट घ्यायचा, आणि तरी टाक्यांतून कळ जातेच. वर फिजिओ येऊन सांगणार की खोका, कफ साचू देऊ नका नाहीतर न्यूमोनिया होईल, आणि ते बरोबरच सांगतात. रात्री झोप लागतेय न लागतेय तोच पुन्हा उबळ. यावेळी दुर्बिणीने करणार होते, भोकं छोटी, त्रास कमी, हे मान्य, पण पूर्ण भूल आणि नंतरचा खोकला ते काही चुकत नव्हतं. इतरांना ही किरकोळ गोष्ट वाटेल, माझा निर्णय तिथेच झाला.

गोठवताना मला पालथं झोपवलं, गुंगीचं औषध आणि पाठीत लोकल भूल दिली. सुया साधारण विणकामाच्या बारीक सुईएवढ्या, सीटी बघत बघत गाठीत नेतात. सुईच्या टोकाशी आर्गॉन गॅस एकदम पसरतो आणि तापमान उणे 100 अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. स्क्रीनवर बर्फाचा गोळा काळपट दिसतो आणि वाढताना दिसतो, डॉक्टरांना कुठे थांबायचं ते त्यावरून कळतं. गोळ्याच्या कडेला तापमान शून्याच्या आसपास असतं, तिथे पेशी मरतीलच असं नाही, त्यांना नक्की मारायला साधारण उणे 20 ते 40 लागतं, म्हणून बर्फ गाठीच्या बाहेर 5 ते 10 मिमी नेतात. गोठवायचं, वितळू द्यायचं, परत गोठवायचं, असं दोनदा. आतडं जवळ असेल तर मध्ये सलाईन सोडून बाजूला सारतात. थंडीने भागच बधिर होतो त्यामुळे दुखणं फार नव्हतं, नंतर कुशीवर एक पट्टा काही काळ बधिर राहिला आणि लघवी थोडी लालसर झाली. रक्तस्रावाचा धोका मात्र खरा आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

घरच्यांचं म्हणणं, हे नवीन आहे, प्रयोग नको. तसं नाहीये, जेम्स अर्नॉट नावाच्या इंग्रज डॉक्टरने 19व्या शतकातच बर्फ-मिठाने गाठी गोठवून पाहिल्या होत्या, आर्गॉनवाली मशीन 1990 च्या दशकापासून आहेत. ब्रेस्टच्या छोट्या गाठींवरही अभ्यास झालाय (आयसीई3 नावाचा, 60 वर्षांवरच्या बायका, कमी धोक्याच्या 1.5 सेमीपर्यंतच्या गाठी, 5 वर्षांत त्याच ब्रेस्टमध्ये परत येण्याचं प्रमाण 4.3 टक्के), पण ते आकडे किडनीला लावू नका.

एक सांगून ठेवतो, पहिल्या स्कॅनमध्ये तो भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो, कारण आजूबाजूचा भागही मुद्दाम गोठवलेला असतो. मी रिपोर्टमधला आकडा बघून हादरलो होतो. बघायचं असतं ते हे की तो भाग कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेतोय का, नसेल घेत तर ठीक चाललंय. तेवढं डॉक्टरांना थेट विचारा.

आणि बायॉप्सी झाली नसेल तर गोठवायच्या आधी करून घ्या, नंतर तपासायला धड पेशी मिळत नाहीत. दमा, आधीचं ऑपरेशन, एकच किडनी किंवा चढलेलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात वाढतं ते) यातलं काही असेल तर सर्जनला हो म्हणण्याआधी गोठवण्याचं काम नेहमी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टना एकदा सीटी दाखवाच, माझ्या मते.