मायनेता: वापरायला फुकट, चालवायला नाही

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण फॉर्म २६ मध्ये शपथपत्र देतो: मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. ही सक्ती आली ती एडीआर, म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कोर्टात गेली म्हणून. २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या याच संस्थेचं मायनेता हे संकेतस्थळ. शपथपत्रं वाचून त्यांचे तक्ते करायचे, सगळ्या पक्षांसाठी एकाच साच्यात, हे तिथलं मुख्य काम. मतदाराला याहून उपयोगी जागा आमच्या माहितीत नाही. मात्र घाईने वाचलं तर हमखास चुकीचा अर्थ निघतो.

लोकसभा २०२४, मध्य प्रदेश, इंदूर असं निवडून उमेदवाराच्या नावावर जा. वर दिसणारी एकूण मालमत्ता एकट्या उमेदवाराची नसते. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचीही त्यात धरलेली असते. म्हणून खाली येऊन रकाने वेगळे वाचा.

‘पाच वर्षांत मालमत्ता दुप्पट’ अशी बातमी आली की स्थावर मालमत्तेचा तक्ता उघडा. जमीन वारसाने आली का, खरेदी कधीची, केवढ्याला, त्यावर बांधकामाला किती घातले आणि आजची किंमत काय, हे तिथे ओळीने असतं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याकडचा जुना प्लॉट असेल तर नुसत्या भाववाढीनेही आकडा फुगतो. दोन शपथपत्रांमध्ये नवीन खरेदी कोणती झाली ते शोधा आणि तिचा खर्च पाच वर्षांच्या आयकर विवरणांतल्या उत्पन्नाशी ताडून पाहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि खरा प्रश्न तिथेच सापडतो. आजची किंमत उमेदवाराने स्वतः सांगितलेली असते, हेही ध्यानात असू द्या.

गुन्ह्यांच्या आकड्याचंही तसंच. जुन्या भारतीय दंड संहितेतलं, आंदोलनात लागणारं कलम १८८ (सरकारी आदेश मोडणं) आणि खुनाच्या प्रयत्नाचं ३०७, दोन्ही त्या बेरजेत एकेकच धरले जातात. कलमं वाचा, आरोप निश्चित झालेत का ते बघा.

स्कॅन पुसट असेल किंवा शपथपत्र हाताने लिहिलेलं असेल, तर एखादं शून्य इकडचं तिकडे होऊ शकतं. शंका आली की निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवर मूळ प्रत उघडायची. इंदूरकरांना त्या पोर्टलची गरज जास्तच. २९ एप्रिल २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि पुढे ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली. माघार घेतलेल्यांची शपथपत्रं तिथे वेगळा फिल्टर लावून मिळतात. नगर निगमची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असल्याने नगरसेवक मात्र तिथे शोधू नका.

सगळ्यात मोठी उणीव उमेदवाराच्या पलीकडे आहे. मध्य प्रदेशात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख. पक्षाला मर्यादाच नाही. पक्षाच्या पैशाचे अहवाल एडीआरच्या दुसऱ्या संकेतस्थळावर, लांबलचक पीडीएफमध्ये पडलेले असतात. २० हजारांवरच्या देणगीदाराचं नाव पक्षाला आयोगाला कळवावं लागतं, त्याखालच्याचं नाही, त्यामुळे अहवाल कितीही नेटाने केला तरी चित्र अर्धंच राहतं. निवडणूक रोख्यांची नावंसुद्धा बाहेर आली ती १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालानंतर, आणि त्या खटल्यातही एडीआर याचिकाकर्ती होती.

हे सगळं जाहिराती लावून चालणारं काम नाही. अमेरिकेत हेच काम करणाऱ्या ओपनसीक्रेट्सला निधी आटल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे एक तृतीयांश माणसं कमी करावी लागली. निःपक्ष संस्थेने एकाच बड्या देणगीदारावर विसंबणं आम्हाला धोक्याचं वाटतं. पाचशे-हजार देणारे पुष्कळ हवेत. गणेशोत्सवाची वर्गणी घरटी गोळा होते म्हणून मंडळ कुणा एकाच्या मालकीचं होत नाही, तसंच हे. आपला कर-कायदा मात्र उलटा वागतो. जुन्या करपद्धतीत पक्षाला बँकेतून दिलेली देणगी शंभर टक्के वजा होते. ८०जी (१९६१ च्या आयकर कायद्यातली, देणगीदाराला करसूट देणारी मान्यता) असलेल्या साध्या संस्थेला दिलेली पन्नास टक्केच, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. हे बदलायलाच हवं.

अशा कोणत्याही संस्थेला देताना आधी तिची ८०जी मान्यता चालू आहे का ते बघा. दोन हजारांवर रोख देऊ नका, सूट जाते. पॅन द्या, आणि नुसत्या पावतीवर न थांबता देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म १०बीई) मागून घ्या. ते आर्थिक वर्षानंतर ३१ मेपर्यंत मिळायला हवा, त्याशिवाय वजावट अडते. मुलगा-सून अमेरिकेत असतील तर पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असूनही ते पैसे फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. चुकून साध्या खात्यात गेले, तर अडचणीत संस्था येते.