एस-३९० वर पर्फची चाचणी पडते: वगळायची की इव्हेंट बदलायचा?

पर्फ म्हणजे लिनक्सचं कामगिरी मोजायचं साधन, आणि एस-३९० म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर. एक्स-८६ (नेहमीचे पीसी) वर पास होणारी पर्फची चाचणी आयबीएमच्या झेड/व्हीएम पाहुण्यावर, म्हणजे मेनफ्रेमवरच्या आभासी मशीनवर, बरेचदा पडते (अपयशी होते). तिथे हार्डवेअर काउंटर (प्रोसेसरमधले मोजणी करणारे रजिस्टर) मिळत नाहीत, म्हणून प्रोसेसरची चक्रं मोजणारा ‘सायकल्स’ इव्हेंट उघडतच नाही. आधी चाचणी तपशीलवार आउटपुटसह एकटी चालवून कारण हेच आहे याची खात्री करा.

चाचणी वगळायची असेल तर शेल स्क्रिप्टने एक्झिट कोड २ द्यायचा. १ दिला तर ती अपयशी धरली जाते. काम दोन ओळींचं. पण ‘युनेम’ या कमांडने आर्किटेक्चर बघून वगळलं, तर काउंटर असलेल्या एलपीएआरवरही (मेनफ्रेमचा थेट हार्डवेअरवर चालणारा विभाग) चाचणी वगळली जाते आणि खरा बग लपतो. त्यापेक्षा ‘सायकल्स’ इव्हेंट खरंच उघडतो का ते पाहा, उघडला नाही तरच वगळा.

दुसरा मार्ग ‘सीपीयू-क्लॉक’चा. हा सॉफ्टवेअर इव्हेंट टायमरवर चालतो, काउंटर लागत नाहीत. पर्फचा रिपोर्ट, स्क्रिप्ट किंवा पाइप तपासणाऱ्या चाचणीला हाच घ्यावा, कारण तिथे नमुना (ठरावीक क्षणी घेतलेली नोंद) कुठून आला याने फरक पडत नाही. मात्र इंटरप्ट (प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद असलेल्या कोडमध्ये टायमरचे नमुने उशिरा, इंटरप्ट सुरू होतात त्या जागी पडू शकतात. चाचणी काउंटरचीच असेल तर इव्हेंट बदलू नका, वगळा.