बेळगावकडे गिटार बनवून घेताना: कोणते पिकअप, कोणता स्विच, कोणती जोडणी

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घडवून झाली, पॉलिश चढलं, नेक बसली आणि मग पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं पकडून ॲम्पकडे पाठवणाऱ्या चुंबकी भागांची, जोडणी कशी करायची हा प्रश्न निघाला, असं फार वेळा होतं. खरं तर हा प्रश्न लाकडाला हत्यार लावण्याआधीचा आहे. पोकळी किती खोल काढायची आणि भोकं कुठे पाडायची हे पिकअप निवडणाऱ्या स्विचवरून ठरतं. स्विच कोणता घ्यायचा, हे तुम्ही कुठे वाजवता यावरून.

आपल्या सीमाभागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात, इलेक्ट्रिक गिटारवाला गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या हॉलमध्ये, ऑर्केस्ट्राच्या तात्पुरत्या स्टेजवर नाहीतर कॅम्पातल्या चर्चमध्ये वाजवतो. एका रात्रीत मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी अशी सगळी गाणी होतात. वीज कधी हेस्कॉमची, कधी स्टेजमागच्या जनरेटरची. म्हणून प्रत्येक जोडणी मी एकाच कसोटीवर घासून बघतो: गिटारमधून किती आवाज निघतात हे नंतर, त्यातले किती आवाज मांडवात उभं राहून वापरता येतात हे आधी.

तीन सिंगल कॉइल की दोन हम्बकर?

सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारांची कंपनं ती पकडते, तसंच जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि लाइटच्या डिमरचं क्षेत्रही पकडते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे खालच्या पट्टीतली एक अखंड गुणगुण स्पीकरमधून येत राहते. हम्बकरमध्ये दोन कॉइल असतात. एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. त्यामुळे तारांचा आवाज एकत्र येतो आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना खोडते. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आजही मूळ कल्पना तीच आहे.

पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवली की सिंगल कॉइल गप्प होते, असं पुष्कळांना वाटतं. ती पट्टी जरूर लावा, पण तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवा. ती विजेच्या क्षेत्रामुळे येणारी चरचर अडवते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण पातळ तांब्यातून सरळ आत येते. तिला दुसरी कॉइलच खोडू शकते.

आता मोजून बघा. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ मध्ये आली तेव्हा तिला तीन जागांचा स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मधे अडकवून ठेवत, कारण तिथे दोन पिकअप एकत्र वाजत आणि तो आवाज त्यांना हवा असे. १९७७ पासून फेंडरनं पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा घेतला, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी, म्हणजे जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात तिथे, गुणगुण खोडली जाते. म्हणजे पाचातले दोन आवाज शांत, तीन गुणगुणणारे. दोन हम्बकर आणि तीन जागांचा टॉगल (छोट्या दांडीचा स्विच) घेतला तर तीनही शांत.

मग दोन हम्बकर घेऊन मोकळं व्हावं का? इथे दुसरी अडचण येते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड भरपूर असतो. हम्बकरचा भरीव, मधल्या पट्टीतला आवाज कीबोर्डच्या खाली बुडतो आणि कॉर्डची छेड ऐकूच येत नाही. तिथे सिंगल कॉइलचा सडसडीत, टोकदार आवाज वर येतो. तो आवाज हवा आणि गुणगुण नको, हा या निवडीतला खरा पेच आहे.

मधला मार्ग म्हणून बरेच जण ब्रिजकडे, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाला, हम्बकर आणि पुढे नेकच्या बाजूला दोन सिंगल कॉइल घेतात. एका गिटारवर सगळं वाजवायचं असेल तर हा मार्ग चांगलाच आहे. ब्रिजचा हम्बकर शांत, चौथी जागा शांत, आणि दुसऱ्या जागी हम्बकरची योग्य कॉइल आपोआप सुटी होईल अशी जोडणी केली तर तीही शांत. पाचातले तीन झाले. मात्र नुसता नेकचा पिकअप गुणगुणतो, आणि सावकाश, गोड गाण्यांना नेमका तोच लागतो.

एक कॉइल सुटी करायची की दोन्ही पॅरलल जोडायच्या?

हम्बकरमधून पातळ आवाज काढायचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे कॉइल स्प्लिट. दोन कॉइलच्या मधला जोड अर्थला लावला की एक कॉइल बंद होते आणि उरलेली सिंगल कॉइलसारखी वाजते. जोडणी सोपी आहे आणि इंटरनेटवरच्या बहुतेक आकृत्या तीच सांगतात. पण कॉइल एक उरली की गुणगुण परत आली, शिवाय आवाजही एकदम खाली पडतो.

दुसरा उपाय तेवढा वापरला जात नाही. दोन्ही कॉइल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, न जोडता शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडायच्या. आवाज उजळ आणि पातळ होतो, जोर थोडा कमी होतो आणि दोन्ही कॉइल चालू असल्यामुळे गुणगुण खोडलेलीच राहते. अस्सल सिंगल कॉइलची ती काचेसारखी खणखण पूर्ण येत नाही. घरी, शांत खोलीत, नीट कान देऊन ऐकलंत तर स्प्लिट तुम्हाला जास्त आवडेल. जनरेटरपासून चार पावलांवर वाजवायचं असेल, तर पॅरललच घ्या. माझं मत या बाबतीत पक्कं आहे: सीमाभागातल्या स्टेजवाल्यासाठी दोन हम्बकर, तीन जागांचा टॉगल आणि प्रत्येक हम्बकरला सिरीज-पॅरललचा एक छोटा स्विच. त्यातून निघणारा एकही आवाज गुणगुणत नाही.

यासाठी हम्बकर चार वायरी बाहेर काढलेला हवा. वायर एकच असेल तर यातलं काहीच जमत नाही, म्हणून विकत घेतानाच बघा. रंगांची खात्री करणं फार महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी अर्थला. दिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. दिमार्झिओचा पिकअप डंकनच्या आकृतीनं जोडला तर तो बंद पडत नाही, वाजतो. पण एक कॉइल उलटी लागल्यामुळे तारांचा आवाज खोडला जातो आणि गुणगुण दुप्पट होते. पिकअप खराब निघाला असं समजून लोक तो परत पाठवतात.

सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये असताना समजा ८ किलोओहम आले, तर एका कॉइलला साधारण ४ आणि पॅरललला साधारण २ यायला हवेत. एवढं जुळलं की कोणत्या दोन वायरी एका कॉइलच्या आहेत ते कळतं. दिशा बरोबर आहे की नाही ते मात्र कंपनीच्या रंगांवरूनच बघावं लागतं.

पुश-पुल, छोटा टॉगल की मोठा ब्लेड स्विच?

पुश-पुल पॉट (पॉट म्हणजे कळीखालचा फिरता रेझिस्टर) दिसायला सुंदर. नवं भोक पाडावं लागत नाही, टोनची कळ वर ओढली की स्विच बदलतो. पण मांडवात घामेजलेल्या बोटांनी, गाण्याच्या ओळीच्या मधे, ती गोल कळ ओढणं कठीण जातं. स्विच वर आहे की खाली, हेही अंधारात पटकन समजत नाही. सहा पिनांचा छोटा टॉगल नखानं उडवता येतो. आतली रचना दोन्हींची एकच, सहा पिना आणि दोन जागा. माझी पसंती छोट्या टॉगलला आहे, आणि त्याचं मोठं कारण दुरुस्तीचं आहे. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे तो टॉगल सहज मिळतो, तास-दीड तासात बदलून होतो. पुश-पुल बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो.

हाच विचार ब्लेड, म्हणजे सरकत्या दांडीच्या, स्विचलाही लागू होतो. ब्रिजला हम्बकर असलेल्या गिटारमध्ये आपोआप स्प्लिटसाठी चार पोलांचा, चोवीस पिनांचा स्विच वापरतात. तो बसला की छान चालतो. पण भर गणेशोत्सवात त्याची पट्टी ढिली झाली, तर पुण्या-बेंगळुरूहून कुरिअर येईपर्यंत गिटार भिंतीला. साध्या पाच जागांच्या स्विचमध्येही दोन प्रकार आहेत: उघड्या चौकटीचा आणि बंद डबीचा, एका ओळीत आठ पिना असलेला. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांच्या घरात महिनोन्‌महिने ओल धरतो, त्यांनी उघडाच घ्यावा. काँटॅक्ट काळे पडले की क्लीनरचा फवारा थेट पोचतो. बंद डबीत तो नीट पोचत नाही.

पॉट आणि कपॅसिटर

याचं फार डोकं चालवायची गरज नाही. हम्बकरला ५००के (किलोओहम) पॉट, सिंगल कॉइलला २५०के. पॉटचे किलोओहम कमी तेवढी वरच्या पट्टीतली झळाळी कमी. दोन्ही प्रकार एकाच गिटारमध्ये असतील तर ५००के घ्या आणि सिंगल कॉइलच्या जागी ४७०केचा रेझिस्टर पॅरलल लावा, म्हणजे तिला सुमारे २४२केच दिसतात. व्हॉल्यूमसाठी ‘ए’ अक्षराचा पॉट, कारण ‘बी’ लावला तर बराचसा बदल कळीच्या एका टोकाला येतो. टोनला हम्बकरसाठी ०.०२२ मायक्रोफॅरॅड, म्हणजे २२३ छापलेला कपॅसिटर. सिंगल कॉइलसाठी ०.०४७, म्हणजे ४७३. दोन्ही स्थानिक दुकानात मिळतात आणि आवाजात महागड्या कपॅसिटरपेक्षा कमी पडत नाहीत.

टोनचा पॉट व्हॉल्यूमच्या कोणत्या पिनेला जोडायचा, हे मात्र विचार करून ठरवा. आजची नेहमीची पद्धत म्हणजे पिकअप येतो त्याच पिनेला. या पद्धतीत व्हॉल्यूम कमी केला की आवाज मळकट होतो, कारण लांब केबलची धारिता (कपॅसिटन्स) वरचा आवाज खाते. मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरॅड धरले तरी सहा मीटरच्या केबलला सहाशे होतात. पन्नासच्या दशकातल्या पद्धतीत टोन मधल्या, सिग्नल बाहेर पडणाऱ्या पिनेला जोडतात. तिथे व्हॉल्यूम उतरवला तरी आवाज स्वच्छ राहतो, पण दोन्ही कळा एकमेकींवर परिणाम करतात. गायकाच्या मागे वाजवताना सतत व्हॉल्यूम खालीवर करणाऱ्याला ही जुनी पद्धत सोयीची. व्हॉल्यूम कायम पूर्ण ठेवून पेडलनंच आवाज कमीजास्त करणाऱ्याला काहीच फरक पडत नाही.

अर्थिंग

ब्रिजपासून अर्थला जाणारी वायर प्रत्येक जोडणीत हवीच. ती असली की तारांना हात लागताच चरचर कमी होते. पण त्याच वायरीमुळे तुमचा हात ॲम्पच्या चासीशी जोडलेला असतो. ॲम्पची तिसरी पिन मोडलेली असेल किंवा मांडवाची लाइन अर्थशिवाय ओढलेली असेल, तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. वाजवण्याआधी टेस्टर लावून बघा. गुणगुण कमी व्हावी म्हणून तिसरी पिन कधीही कापू नका.

लाकडाला हात लावण्याआधी

खानापूरकडचा सागवान वापरायचा मोह आपल्याकडे साहजिक आहे. लाकूड टिकाऊ आणि देखणं, पण जड. वजन कमी करायला बॉडी पातळ केली जाते, नेहमीच्या ४५ मिलिमीटरच्या जागी चाळिसाच्याही खाली. अशा बॉडीत पुश-पुल पॉट किंवा मोठा ब्लेड स्विच मागच्या झाकणाला टेकतो. छोटा टॉगल मावतो. तेव्हा सुताराकडे जाताना स्विच, पॉट आणि जॅक विकत घेऊनच जा, कॅलिपरनं त्यांची खोली मोजून घ्या, आणि सोल्डर केलेल्या वायरींसाठी त्यात आणखी पाच-सहा मिलिमीटर धरा. टॉगलसाठी पोकळीची समोरची भिंत किती जाड ठेवायची तेही तेव्हाच ठरवा. भिंत जाड राहिली तर त्याच्या आटेदार गळ्याला नट लागत नाही. समोरून भोक पाडायचं नसेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमची पातळ कंट्रोल प्लेट कापून घ्या. तीवर आधी सगळे स्विच बसवून, वायरी जोडून, ॲम्पला लावून ऐका, आणि मगच ती लाकडावर ठेवून खुणा करा.