पॉवर स्टेअरिंगमधली हवा काढायला वडाळ्याच्या चाचांकडे गेले आणि पंप वाचला

गाडी 2012 ची इनोव्हा, डिझेल, बाबांनी घेतलेली, आता मीच चालवते. जुलैमध्ये स्टेअरिंगचा प्रेशर पाइप, म्हणजे पंपातून स्टेअरिंगकडे दाबाने तेल नेणारा, गळायला लागला म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतला, नाव घेत नाही, आणि गाडी घरी आणली त्याच संध्याकाळपासून स्टेअरिंग फिरवलं की घूंऽऽ असा आवाज. आमच्या चेंबूरच्या सोसायटीत गाडी लावायची म्हणजे चार वेळा पुढे-मागे करावं लागतं, रात्री अकराला तो आवाज अख्ख्या कंपाउंडमध्ये घुमायचा, तळमजल्यावरच्या आजी खिडकी उघडून बघायच्या काय झालं म्हणून. स्टेअरिंग पण मध्येच जड मध्येच हलकं, हाताला थरथर लागायची.

परत त्याच गॅरेजला नेली तर त्यांनी तेल टाकलं, इंजिन चालू करून स्टेअरिंग गराऽगरा दोन्हीकडे आपटलं आणि सांगितलं, मॅडम पंप गेलाय, नवीन टाका. पाच आकडी खर्च. आणि गणपतीला तीन आठवडे राहिलेले, दरवर्षी आम्ही याच गाडीने गावी जातो, सहा माणसं आणि सगळं सामान, मला खरंच रडू यायला लागलं होतं.

भावाचा मित्र टुरिस्ट गाड्या चालवतो, तो म्हणाला पंपाला हात लावू नको, आधी चाचांना दाखव. गॅरेज वडाळा ट्रक टर्मिनलकडून अँटॉप हिलला जाताना आतल्या गल्लीत आहे, बोर्ड वगैरे नाही, पत्र्याची शेड आणि एका वेळी दोनच गाड्या मावतात. चाचा रत्नागिरीकडचे, मराठी अगदी आपल्या गावचं, साठीच्या पुढचे असतील.

त्यांनी सगळ्यात आधी इंजिन बंद करायला लावलं आणि तेलाच्या टाकीचं झाकण उघडून मला बोलावलं. "ताई, हे बघा." इनोव्हाच्या स्टेअरिंगमध्ये एटीएफ पडतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, डेक्सरॉन ग्रेडचं, ते लालभडक आणि पारदर्शक असतं. माझ्या टाकीत चक्क सोलकढी होती, गुलाबी, दुधट, वर फेस. म्हणजे तेलात हवा घुसळली गेलीय. चाचा म्हणाले तेल दाबलं तरी दबत नाही म्हणून ते जोर पोचवतं, हवा दबते, म्हणून मध्येच जड लागतं आणि पंप ओरडतो, आणि असाच चालवला तर आत वंगण मिळत नाही म्हणून मग पंप खरोखरच जातो. पहिल्या गॅरेजची चूक पण तिथेच होती, पाइप बदलल्यावर लाइन रिकामी असते, तेव्हा लगेच इंजिन चालू केलं की पंप त्या हवेचा बारीक फेस करतो आणि मग तो फेस लवकर बसत नाही. म्हणून त्या दिवशी काहीच केलं नाही त्यांनी! गाडी रात्रभर ठेवायला सांगितली, फेस बसू दे, उद्या सकाळी या. मी थोडी वैतागले होते, खरं सांगते, रिक्षाने घरी आले.

दुसऱ्या दिवशी पुढची दोन्ही चाकं उचलून खाली स्टँड लावले होते आणि मलाच सीटवर बसवलं. इंजिन बंद. "एकदम हळू डावीकडे, पूर्ण. आता उजवीकडे." चाक हवेत असल्यामुळे बंद गाडीतही स्टेअरिंग फिरतं, जरा जड पण फिरतं. मी फिरवत होते आणि चाचा टाकीवर वाकून बघत होते, प्रत्येक फेरीला बुडबुडे वर यायचे, टप... टप... आणि पातळी खाली जायची की ते कापड लावलेल्या नरसाळ्यातून थोडं तेल ओतायचे, टाकी एकदा जरी रिकामी झाली तरी परत हवा आत आणि सगळं पहिल्यापासून. वीसेक फेऱ्या तरी झाल्या असतील, माझे खांदे भरून आले. पण शेवटच्या चार-पाच फेऱ्यांना एकही बुडबुडा नाही. मग गाडी खाली घेतली, इंजिन चालू, नुसतं आयडलवर, आणि परत हळूहळू दोन्ही टोकांना, टोकाला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त वेळ धरून ठेवायचं नाही, पंप तापतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चाचांनी सायकलच्या चाकाची एक तार घासूनपुसून ठेवलेली आहे. इंजिन चालू असताना ती टाकीत तळाला टेकवून तेल कुठपर्यंत लागलं तिथे नखाने धरलं, मग इंजिन बंद करून काही मिनिटं थांबले आणि परत मोजलं. पातळी जवळजवळ बोटभर वर आली होती! दबलेली हवा इंजिन बंद झालं की फुगते, म्हणून तेल वर चढतं. टोयोटाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही हीच तपासणी आहे, 5 मिलिमीटरपर्यंत वाढ चालते, त्याच्या वर म्हणजे हवा अजून आत आहे. परत एक राउंड केला, परत तेच.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता बघा, पंपच गेलाय. चाचा म्हणाले, "दोनदा काढून पण येतेय म्हणजे कुठूनतरी ओढतेय." टाकीकडून पंपाकडे जाणारा जो जाड रबरी पाइप असतो तो ओढणाऱ्या बाजूचा, त्याला प्रेशर नसतं, त्यामुळे तिथे बारीक फट असली तरी तेल फारसं गळत नाही, खाली डाग पण पडत नाही, पण इंजिन चालू झालं की तिथून हवा आत खेचली जाते. त्यांनी इंजेक्शनच्या सिरिंजने त्या जोडावर थोडं एटीएफ सोडलं आणि माझ्यासमोर आवाज क्षणभर खाली आला, मग परत सुरू. पाइप काढला तर टोकाला रबर कडक होऊन बारीक चिरलेलं आणि त्यावरची क्लिप जुनीच, नीट आवळली न गेलेली. पहिल्या गॅरेजने प्रेशर पाइप टाकताना हा काढून तसाच परत बसवला होता. मी स्वतः कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवीन पाइप आणि दोन क्लिपा आणल्या, दुपारी बसवलं, परत सगळी हवा काढली. या वेळी तारेवर फरक 3 मिलिमीटर, तेल लाल, आवाज बंद. मी दोन वेळा खात्री करून घेतली, खरंच बंद.

बिल झालं दोन हजारांच्या आत, त्यात तेल धरून, पार्टचे पैसे वेगळे मी दिले. हाताने लिहिलेलं बिल देतात, यूपीआय चालतं.

उणं सांगायचं तर बसायला जागा नाही, पावसात गल्लीत पाणी साचतं, फोन बहुतेक उचलत नाहीत, आणि एका दिवसात गाडी हवी असेल तर तिथे जाऊ नका, ते घाई करतच नाहीत आणि या कामात घाई करायचीच नसते हे मला आता कळलंय. नव्या स्विफ्ट, वॅगनआर वगैरे गाड्यांना इलेक्ट्रिक स्टेअरिंग असतं, त्यात तेलच नाही, त्यांचं हे काम नाही. तेलाचं स्टेअरिंग असेल तर आणि एक, कोणी ब्रेक ऑइल टाकतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, त्याने आतले सील फुगून खराब होतात, आणि कुठलं तेल टाकायचं ते आपल्या गाडीच्या पुस्तकात बघूनच.

चाचांनी दोन दिवस चालवून परत दाखवायला सांगितलं होतं, तेव्हा तार घालून पुन्हा मोजलं, पैसे घेतले नाहीत. गणपतीला गावी जाऊन आलो, खेडच्या पुढे आमच्या वाडीत वळायला जेमतेम जागा आहे, तिथे गाडी एका हाताने वळली.

जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर दोन्ही जागा भरतात, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला शटर बंद असतं.