आठ रविवार, त्यातले सात झाले : इंग्लिश करार कायद्याच्या एका वर्गाविषयी

लंडनच्या ग्राहकांबरोबरचे करार माझ्या नोकरीत रोज हाताखालून जातात. ‘या करारास इंग्लंडचा कायदा लागू राहील’ हे त्यांतले वाक्य मी अकरा वर्षे न थबकता ओलांडत आलो. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या एका खासगी क्लासने इंग्लिश करार कायद्यातील समन्यायी उपायांवर, म्हणजे इक्विटीने (कडक कायद्यावर उतारा म्हणून न्यायबुद्धीने घडवलेल्या नियमांनी) दिलेल्या दादींवर, आठ रविवारांची व्याख्यानमाला जाहीर केली तेव्हा साडेतीन हजार रुपये दोन हप्त्यांत भरून मी नाव नोंदवले.

शिकवणारे सर शिवाजीनगर न्यायालयात अनेक वर्षे दिवाणी दावे चालवलेले आहेत आणि ते व्याख्येपासून कधीच सुरुवात करत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ‘पाच पौंड, एकदाच’ एवढेच लिहिले आणि बेस्विक खटला सांगायला घेतला. कोळशाचा व्यापारी असलेल्या पीटर बेस्विक यांनी आपला धंदा पुतण्याच्या हवाली केला आणि त्याने काका हयात असेपर्यंत त्यांना दर आठवड्याला साडेसहा पौंड व पश्चात त्यांच्या पत्नीला पाच पौंड द्यावेत असे ठरवले. काका गेल्यावर पुतण्याने काकूंना एकदाच पाच पौंड दिले आणि हात आखडता घेतला. (काका-पुतण्याची गोष्ट म्हटली की पुण्यातला वर्ग आपोआप सावरून बसतो.) काकू स्वतः कराराच्या पक्षकार नव्हत्या, म्हणून त्यांनी पतीच्या मिळकतीच्या व्यवस्थापक या नात्यानेही दावा लावला, पण मृताच्या मिळकतीचे म्हणून नुकसान काहीच झालेले नसल्यामुळे भरपाई मिळाली असती ती नाममात्र. नुकसानभरपाई अपुरी पडते म्हणजे नेमके काय, हे त्या क्षणी वर्गाला कळले. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) 1967 मध्ये पुतण्याला करार पाळण्याचाच आदेश दिला.

याच्या उलट टोकाचा अर्गाइल स्टोअर्सचा खटला तिसऱ्या रविवारी झाला आणि माझी फी तिथेच वसूल झाली. शेफील्डमधल्या एका संकुलातले अर्गाइलचे सुपरमार्केट 35 वर्षांचा भाडेपट्टा आणि दुकान चालू ठेवण्याची अट असूनही 1995 मध्ये तोट्यामुळे बंद करण्यात आले. अपील न्यायालयाने ते चालू ठेवण्याचा आदेश दिला होता, पण 1997 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो फिरवला, कारण तोट्यातला धंदा रोज नीट चालवला जातो की नाही यावर न्यायालयाने किती काळ देखरेख करायची? सरांनी इथे आपला 1963 चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम उघडला. 1 ऑक्टोबर 2018 पासून आपल्याकडे ‘भरपाई पुरेशी आहे’ एवढ्या कारणाने स्पेसिफिक परफॉर्मन्स, म्हणजे करार प्रत्यक्ष पाळण्याचा आदेश, नाकारता येत नाही, मात्र सतत देखरेख लागणाऱ्या कराराला कलम 14 आजही आडवे येते, हा फरक त्यांनी साठेखताचे उदाहरण घेऊन फार स्वच्छ दाखवला.

मनाई हुकुमाचा भाग थोडक्यात पण चांगला झाला: 1852 च्या लमले विरुद्ध वॅग्नर खटल्यातल्या गायिकेला गाण्याची सक्ती करता आली नाही, तरी दुसऱ्या नाट्यगृहात गाण्यापासून रोखता आले. करार रद्द करणे आणि दस्तातील चूक दुरुस्त करून घेणे हे दोन्ही विषय मात्र दीड तासात गुंडाळले गेले. झेरॉक्स नोट्सचा भारतीय भाग तर 2018 पूर्वीचा निघाला, म्हणजे सर सांगत होते एक आणि हातातला कागद म्हणत होता दुसरेच.

आठवे व्याख्यान झालेच नाही. मी ते घेण्याचा आग्रह धरला तेव्हा कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “एका रविवारचे पैसे परत देतोय ना, मग तक्रार कसली?” भरपाई पुरेशी असेल तर इक्विटी मदतीला येत नाही आणि कोणाला व्याख्यान देण्याची सक्ती करता येत नाही, हे मी त्यांच्याच वर्गात शिकलो होतो; शिवाय माझा दुसरा हप्ता तीन आठवडे उशिरा गेलेला असल्याने स्वच्छ हातांनी आलो आहे (इक्विटी मागणाऱ्याचे स्वतःचे वागणे चोख हवे) असे म्हणायचीही सोय नव्हती. हिशेबाने 437 रुपये 50 पैसे होत होते, हातात 437 आले.

पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला) आणि करारातील पक्षकारत्व (करारावर हक्क कोण सांगू शकतो) हे दोन विषय आधी वाचून जावेत, कारण सर ते येतात असे गृहीत धरतात.