ट्रेलर काठोकाठ भरलेला, तरी लाकूड कमी

अमेरिकेत मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट या भागात नवं घर घेतलेल्या मराठी मंडळींनी हे वाचावंच. घरात लाकडाची शेगडी असेल तर थंडीआधी जळाऊ लाकूड घ्यावं लागतं आणि नेमकं तिथेच गंडवतात.

आम्ही मेनमध्ये राहतो. यंदा एकाकडून ओकचं फोडलेलं लाकूड मागवलं, एक कॉर्ड. कॉर्ड म्हणजे नीट रचलेलं १२८ घनफूट लाकूड: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब. त्याच्या ट्रेलरचं आतलं माप बरोबर तेवढंच. त्याने टेप लावून दाखवलं, रोख पैसे घेतले, ट्रेलर अंगणात रिकामा केला आणि गेला.

तुकडे सोळा इंची. म्हणजे आठ फूट लांब, चार फूट उंच अशा तीन ओळी व्हायला हव्यात. दोन झाल्या. तिसरी एका फुटातच संपली. जेमतेम ९१ घनफूट!

फोन केला तर म्हणे, "फोडल्यावर लाकूड बसतंच." साफ खोटं. सरळ, जाड ओंडके फोडून रचले तर जागा बहुधा तेवढीच किंवा थोडी जास्तच लागते, कारण फोडलेल्या कडा एकमेकींना जुळत नाहीत. वाकडेतिकडे ओंडके असतील तर फोडल्यावर थोडी जागा वाचते. लांब ओंडके आखूड कापले तर मात्र बाक मोडतो आणि चळत खरोखर लहान होते. पण आपण पैसे देतो ते कापून, फोडून आलेल्या लाकडाचे. १२८ घनफूट त्याचेच भरायला हवेत.

खरी मेख वेगळीच होती. ट्रेलरमध्ये लाकडं रचलेली नव्हती, नुसती टाकलेली होती. आडव्यातिडव्या तुकड्यांमध्ये सगळी पोकळी. मेनच्या कायद्यात बारा किंवा सोळा इंची सुट्या लाकडाची कॉर्ड १८० घनफूट धरली आहे, चोवीस इंचीची १९५. त्या ट्रेलरमध्ये ती मावणारच नव्हती.

कुणी 'फेस कॉर्ड' म्हणालं तर आधी तुकड्याची लांबी विचारा. ती एकच ओळ असते. सोळा इंची असेल तर कॉर्डचा तिसरा हिस्सा.

ओळींचे टेपसकट फोटो आणि त्याचे मेसेज मी राज्याच्या कृषी खात्यातल्या वजनमाप विभागाकडे पाठवले आहेत. निकाल लागेपर्यंत त्या चळतीतलं एकही लाकूड काढायचं नाही, म्हणून सध्या शेजाऱ्यांकडून आणलेलं जाळतोय.